सौम्य आम्लाची घट्ट मूठ



माझ्यासारखा कामगार संघटनेचा कार्यकर्ता या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत असाच काही विषय निघणार, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. कार्यक्रमपत्रिकेत आम्लांचे नाव वाचून छपाईची चूक झाली की काय, असे दोघा-तिघांनी विचारल्याचे चिटणीसांनी मला मघाशी सांगितले. चूक झालेली नाही. मी शाळा नववीत सोडली. कॉलेजची पायरी चढलो ती निवडणुकीच्या सभेपुरती. रसायनशास्त्राचे जे काही चार शब्द मला येतात ते मी चाळिशी उलटल्यावर, अकरावी-बारावीची जुनी पुस्तके रद्दीवाल्याकडून आणून, एका दाव्याच्या पायी शिकलो. तेव्हा सभागृहात कोणी प्राध्यापक असतील त्यांनी माझी भाषा सांभाळून घ्यावी. माझे गणित मात्र सांभाळून घेऊ नये. ते तपासावे.

हकीकत अशी आहे. एका लहानशा कारखान्यात लोखंडी सुट्या भागांना जस्ताचा मुलामा देण्याचे काम चाले. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. एका भिंतीला सायनाइडच्या पाण्याच्या टाक्या, समोरच्या भिंतीला गंज काढण्याची ॲसिडची टाकी, आणि दोहोंच्या मधून जाणारी एकच मोरी. रात्रपाळी संपता संपता ॲसिडची निकामी झालेली टाकी त्या मोरीत रिकामी केली गेली. पलीकडच्या टाक्यांचे सांडलेले पाणी मोरीत आधीच साचले होते. दोन माणसे पडली. एक वाचला. जो वाचला नाही, त्याच्या बायकोच्या बाजूने मी भरपाईच्या सुनावणीला उभा होतो.

मालकाच्या वतीने आलेले वकील वाचलेले गृहस्थ होते. त्यांनी एक जाडजूड पुस्तक उघडून साहेबांसमोर ठेवले आणि विचारले, या मिश्रणातून निघाले असेल तर हायड्रोसायनिक आम्ल निघाले असेल. आता हे पुस्तक काय सांगते? हे अत्यंत सौम्य आम्ल आहे. आपण चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर खातो, त्यातले ॲसेटिक आम्ल याच्यापेक्षा एकोणतीस हजार पटींनी तीव्र आहे. शिवाय मोरीतले पाणी पातळ. इतके सौम्य आम्ल, तेही इतके पातळ, धडधाकट माणसाला मारील हे पटण्यासारखे आहे काय? साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मला उत्तर सुचेना. माणूस मेला हे मला ठाऊक होते, पण पुस्तक खोटे म्हणावे तर तेही जमेना. मी पुढची तारीख मागून घेतली.

पुस्तक खोटे नव्हतेच. आकडाही खरा होता. तो आकडा उलट्या बाजूने कसा वाचायचा, एवढेच मला शिकायचे होते, आणि आजचे व्याख्यान म्हणजे तेवढ्याच शिक्षणाची हकीकत आहे.

प्रथम शब्दांची साफसफाई करू. कारखान्यात आम्ही 'कडक ॲसिड' म्हणतो तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत करतो. बाटलीत आम्ल जास्त आणि पाणी कमी असेल तर ते आम्ल संहत. उलट असेल तर विरल. ही पाण्याच्या प्रमाणाची गोष्ट झाली. तीव्र आणि सौम्य हे शब्द मात्र आम्लाच्या स्वभावाचे आहेत. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल बाटलीत शुद्ध भरले तरी ते सौम्यच, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब बादलीभर पाण्यात टाकला तरी ते तीव्रच. तिसरी गोष्ट विषाची. तिचा या दोहोंशी संबंध लावायचा नसतो. वकीलसाहेबांनी या तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या होत्या, आणि मी त्या पोत्याची गाठ सोडू शकलो नव्हतो.

मग आम्लाचा स्वभाव म्हणजे काय? फ्रान्सच्या लाव्हाझिएला वाटले होते की आंबटपणा ऑक्सिजनमुळे येतो. त्या वायूचे नावच त्याने 'आम्ल निर्माण करणारा' अशा अर्थाने ठेवले. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही असे पुढे डेव्हीने दाखवले आणि ती कल्पना बाजूला पडली. १८८४ साली स्वीडनच्या स्वांटे अर्‍हेनियसने आपल्या प्रबंधात मांडले की असे पदार्थ पाण्यात विरघळताना त्यांचे विद्युतभारित तुकडे, म्हणजे आयन, होतात. परीक्षकांनी त्या प्रबंधाला अगदी खालचा वर्ग दिला. १९०३ साली त्याच विचाराला नोबेल पारितोषिक मिळाले. (परीक्षेत कमी गुण मिळालेल्यांनी हे ध्यानात ठेवण्यास हरकत नाही. मी ठेवले आहे.)

आपल्या कामाची कल्पना १९२३ सालची. कोपनहेगनचा ब्रन्स्टेड आणि केंब्रिजचा लाउरी यांनी ती एकाच वर्षी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा आणि आम्लारी म्हणजे प्रोटॉन घेणारा, असे त्यांनी सांगितले. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो गाभा. आम्ल हा पदार्थाचा शिक्का राहिला नाही, तो व्यवहार झाला. आणि व्यवहार म्हटला की देणारा एकटा पुरत नाही, घेणाराही लागतो.

ॲसेटिक आम्ल पाण्यात पडले की त्याचा रेणू आपला प्रोटॉन पाण्याच्या रेणूला देतो. मागे जे उरते त्याला ॲसिटेट म्हणतात. आता या ॲसिटेटकडे नीट पाहा. त्याच्याकडून प्रोटॉन गेलेला आहे, म्हणजे त्याच्याजागी एक रिकामी जागा आहे आणि तो प्रोटॉन परत घेऊ शकतो. जो घेऊ शकतो तो आम्लारी. म्हणून ॲसिटेट हा ॲसेटिक आम्लाचा आम्लारी जोडीदार. पुस्तकी भाषेत त्याला संयुग्मी आम्लारी म्हणतात. प्रत्येक आम्लामागे असा एक जोडीदार असतो. हायड्रोक्लोरिक आम्लामागे क्लोराइड, हायड्रोसायनिक आम्लामागे सायनाइड. आम्ल आणि त्याचा जोडीदार यांत फरक असतो फक्त एका प्रोटॉनचा.

आता खरा प्रश्न. आम्ल तीव्र असले तर त्याचा जोडीदार कसा असेल? आमच्या धंद्यातला दाखला देतो. ज्या मालकाने कामगाराला एका शब्दासरशी काढून टाकले, तो दुसऱ्या दिवशी त्याला बोलवायला घरी येत नाही. ज्याने जाताना शंभर वेळा अडवले, तो परत घ्यायलाही तयार असतो. सहज सोडणे आणि परत घेण्याची उत्सुकता नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. हायड्रोक्लोरिक आम्ल आपला प्रोटॉन पाण्याला जवळजवळ सगळाच्या सगळा देऊन टाकते, याचा अर्थच असा की क्लोराइडची प्रोटॉनवरची पकड पाण्याच्या पकडीपुढे काहीच नाही. दाखला इथेच सोडतो, कारण प्रोटॉनला पोट नसते.

पण दाखला सोडला तरी मुद्दा राहतो. पाण्यातल्या प्रत्येक आम्लाच्या बाबतीत एकाच प्रोटॉनसाठी दोघांची ओढाताण चाललेली असते: एका बाजूला आम्लाचा जोडीदार, दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी जिंकले तर आपण म्हणतो आम्ल तीव्र. जोडीदार जिंकला तर म्हणतो आम्ल सौम्य. म्हणजे आम्लाची तीव्रता मोजताना आपण वस्तुतः जोडीदाराची पकडच मोजत असतो, फक्त हरलेल्या बाजूने. आम्लाचा जोर आणि जोडीदाराचा जोर ही एकाच मोजपट्टीची दोन टोके आहेत.

ही ओढाताण आकड्यात मांडता येते. समतोल झाल्यावर पाण्यात सुटे प्रोटॉन किती आणि सुटे जोडीदार किती, यांचा गुणाकार करावा आणि न सुटलेल्या आम्लाच्या संहतीने त्याला भागावे. येणाऱ्या संख्येला विचरण स्थिरांक म्हणतात. नेहमीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशांना, ॲसेटिक आम्लाचा स्थिरांक आहे सुमारे पंचावन्न हजारांश. म्हणजे एक भागिले ५५,०००. बाजारातल्या पाच टक्के व्हिनेगरला हे गणित लावले तर साधारण दोनशे रेणूंपैकी एकाचाच प्रोटॉन सुटलेला असतो. बाकीचे एकशे नव्व्याण्णव मूठ आवळून बसलेले. तेवढ्या एकाने जिभेला आंबट लागते.

जोडीदाराचाही असाच स्थिरांक असतो. ॲसिटेट पाण्याकडून प्रोटॉन ओढून घेतो तेव्हा पाण्याचा हायड्रॉक्साइड आयन उरतो. इथे गुणाकार करायचा परत झालेल्या आम्लाचा आणि हायड्रॉक्साइडचा, आणि भागायचे सुट्या ॲसिटेटने. आता हे दोन अपूर्णांक एकमेकांना गुणून पाहा. पहिल्यात ॲसिटेट वर आणि आम्ल खाली. दुसऱ्यात आम्ल वर आणि ॲसिटेट खाली. चौथीतल्या मुलाप्रमाणे काटाकाटी करा. आम्ल कटले, ॲसिटेट कटले. उरले काय? पाण्यातल्या प्रोटॉनच्या आणि हायड्रॉक्साइडच्या संहतींचा गुणाकार. त्यात ॲसेटिक आम्लाचे नाव-निशाण राहत नाही!

ही काटाकाटी मला पहिल्यांदा जमली ती संघटनेच्या कचेरीत, रात्री साडेअकराला, सभेच्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर. मी तो कागद अजून ठेवला आहे.

तो उरलेला गुणाकार पाण्याचा स्वतःचा असतो आणि २५ अंशांना तो ठरलेला आहे. शुद्ध पाण्यात प्रोटॉन एक कोटींश आणि हायड्रॉक्साइडही एक कोटींश. गुणाकार, एक भागिले कोटी गुणिले कोटी. आम्ल कोणतेही घ्या, त्याचा स्थिरांक आणि त्याच्या जोडीदाराचा स्थिरांक यांचा गुणाकार एवढाच येणार. तराजूची दांडी पाण्याने धरलेली आहे. एक पारडे जेवढे वर, दुसरे तेवढे खाली. ॲसेटिक आम्ल पंचावन्न हजारांश, तर ॲसिटेट एकशे ऐंशी कोटींश. हायड्रोसायनिक आम्ल एकशे एकसष्ट कोटींश, तर सायनाइड बासष्ट हजारांश. घरी जाऊन गुणाकार करून पाहा, दोन्हीकडे कोटी-कोट येते की नाही.

या ठिकाणी एक खड्डा आहे, आणि त्यात मीही पडलो होतो. 'सौम्य आम्लाचा जोडीदार तीव्र असतो' असे वाक्य सर्रास पाठ केले जाते. ॲसेटिक आम्ल सौम्य आहे. मग ॲसिटेट तीव्र आम्लारी झाला काय? एकशे ऐंशी कोटींश म्हणजे काय तीव्रता झाली! ॲसिटेटही सौम्यच. किंबहुना मधल्या पट्टीतल्या आम्लांचे असेच असते, आम्लही सौम्य आणि जोडीदारही सौम्य. नियम तुलनेचा आहे. दोन आम्लांपैकी जे अधिक सौम्य, त्याचा जोडीदार दुसऱ्याच्या जोडीदारापेक्षा अधिक तीव्र. आणि किती पटींनी? बरोबर तितक्याच पटींनी. पंचावन्न हजार आणि एकशे एकसष्ट कोटी यांत एकोणतीस हजारांची पट आहे; बासष्ट हजार आणि एकशे ऐंशी कोटी यांतही एकोणतीस हजारांचीच आहे. वकीलसाहेबांचा आकडा मला दुसऱ्या दाराने भेटला तो असा.

जोडीदाराची पकड सैल किंवा घट्ट कशामुळे होते, याची कारणे पुष्कळ आहेत. एकच सांगतो. दारूतल्या अल्कोहोलमध्ये आणि ॲसेटिक आम्लात प्रोटॉन ऑक्सिजनलाच चिकटलेला असतो. तरीही दारू आंबल्यावर तिचा जो शिरका होतो, तो दारूपेक्षा आम्ल म्हणून दहा हजार कोटी पटींहून अधिक तीव्र ठरतो. कारण प्रोटॉन गेल्यावर ॲसिटेटवर जो ऋण भार उरतो तो दोन ऑक्सिजनांत वाटला जातो. अल्कोहोलच्या जोडीदारावर तो सगळा एकाच ऑक्सिजनच्या डोक्यावर बसतो. वाटून घेतलेले ओझे हलके होते आणि त्याला परत प्रोटॉनची गरज भासत नाही. अल्कोहोलचा जोडीदार मात्र इतका आसुसलेला असतो की पाण्यात पडताच तो पाण्याकडूनच प्रोटॉन हिसकावतो.

या पकडीचा परिणाम आपल्या हातांना माहीत आहे. धुण्याच्या सोड्याचे पाणी बोटांना बुळबुळीत का लागते? त्या सोड्यातला कार्बोनेट हा बायकार्बोनेटचा जोडीदार. बायकार्बोनेट हे आम्ल म्हणून अगदीच दुबळे, सुमारे दोन हजार शंभर कोटींश. म्हणून कार्बोनेटची पकड दांडगी, सत्तेचाळीसशे अंशांत एक. तो पाण्याकडून प्रोटॉन ओढतो, हायड्रॉक्साइड मोकळा होतो, आणि तो आपल्या कातडीवरचे तेल खातो. खाण्याच्या सोड्यात बायकार्बोनेट आहे. त्याची पकड सैल, म्हणून तो आपण भजीच्या पिठात घालू शकतो.

आता दोन आम्ले एकत्र आली तर काय होईल ते पाहू, कारण मोरीत घडले ते हेच. तीव्र आम्लाने सोडलेला प्रोटॉन मोकळा हिंडत असतो आणि सौम्य आम्लाचा जोडीदार त्याची वाट पाहत असतो. गाठ पडली की तो प्रोटॉन पकडतो आणि सौम्य आम्ल परत जन्माला येते. म्हणून तीव्र आम्ल सौम्य आम्लाला त्याच्या लवणातून बाहेर काढते. स्वीडनमधला शेल नावाचा औषधविक्या अठराव्या शतकात याच युक्तीवर जगला, असे म्हटले तरी चालेल. लिंबाच्या रसातले आम्ल चुन्याशी बांधून त्याचे लवण खाली बसवायचे आणि मग गंधकाम्ल घालून ते आम्ल मोकळे करायचे, अशा रीतीने त्याने १७८४ साली सायट्रिक आम्लाचे स्फटिक मिळवले. शहाबादी फरशीवर लिंबू सांडले की डाग पडतो, तोही हाच प्रकार: लिंबाचा प्रोटॉन चुनखडीतला कार्बोनेट पकडतो, कार्बॉनिक आम्ल होते, आणि ते फुटून वायू उडून जातो. याच शेलने १७८२ साली प्रशियन ब्लू या निळ्या रंगातून गंधकाम्लाच्या साहाय्याने हायड्रोसायनिक आम्लही बाहेर काढले. त्या मोरीत जे घडले ते शेलच्या प्रयोगशाळेत दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी घडून गेले होते.

पुन्हा मोरीकडे येऊ. सायनाइड आयन म्हणून पाण्यात असेल तोवर तो पाण्यातच राहतो. विद्युतभार असलेला आयन वाफ होऊन उडत नाही. पण प्रोटॉन मिळाला की तो भाररहित रेणू होतो, आणि हायड्रोसायनिक आम्ल सुमारे २६ अंशांना उकळते. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात २६ अंश म्हणजे पहाटेचा गारवा! तेव्हा सगळा प्रश्न उरतो तो इतकाच की शंभर सायनाइडांपैकी किती जणांच्या हाती प्रोटॉन आहे. ते पाण्याच्या पीएचवर ठरते. पीएच म्हणजे प्रोटॉनच्या अंशातली शून्ये. एक कोटींश म्हणजे सात शून्ये, पीएच सात. सायनाइडच्या टाकीत कॉस्टिक सोडा घालून पीएच ११.२ राखला तर शंभरातला एकच प्रोटॉन धरून असतो. ९.२ ला आला की पन्नास. ८.२ ला एक्क्याण्णव. ७.२ ला नव्व्याण्णव. म्हणजे साध्या पाण्याच्या पीएचलाच काम जवळजवळ पुरे झालेले असते. गंज काढण्याचे ॲसिड कितीही पातळ झालेले असो, त्याला फक्त पीएच सातपर्यंत खाली आणायचे होते. ॲसिडच्या अंगात त्याहून पुष्कळ जास्त जोर होता. इतकेच कशाला, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे जे कार्बॉनिक आम्ल होते तेसुद्धा सायनाइडला बाहेर काढण्याइतके तीव्र आहे. सायनाइडचा डबा दमट हवेत उघडा ठेवू नये तो म्हणूनच.

वायू बाहेर पडल्यावर पुढचे काम विषाचे, आंबटपणाचे नव्हे. तो पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. रक्तात ऑक्सिजन असतो आणि पेशी गुदमरतात. त्याचा कडवट बदामासारखा वास येतो म्हणतात, पण काही माणसांच्या नाकाला तो जन्मतःच कळत नाही. तेव्हा वासावर भरवसा ठेवणे धोक्याचे.

विष वेगळे आणि तीव्रता वेगळी, याची आणखी एक साक्ष सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. काचेवर नक्षी खोदायला आणि स्टेनलेस स्टील साफ करायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. हायड्रोक्लोरिकचा हा सख्खा भाऊ, पण हायड्रोजन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका बळकट की हे आम्ल पाण्यात सौम्य ठरते. स्थिरांक सुमारे चौदाशे सत्तरांश. पिंपावर 'सौम्य' वाचून हातमोजे न घालणारे कामगार मी पाहिले आहेत. प्रोटॉन न सोडलेला भाररहित रेणू कातडीतून आत शिरतो. आत गेल्यावर त्यातला फ्लोराइड शरीरातल्या कॅल्शियमला धरतो, पार हाडापर्यंत पोचतो. पातळ आम्ल असेल तर दुखणे काही तासांनी सुरू होते. तोवर कामगार घरी जाऊन जेवलेला असतो. अशा ठिकाणी भरपूर पाणी आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी हवे, आणि डॉक्टरला आम्लाचे नाव सांगता आले पाहिजे. तीव्र आम्ल कातडीवरच आपला राग काढते. हे सौम्य आम्ल मूठ आवळून आत जाते.

चामडे कमावण्याच्या कारखान्यात केस काढायला सोडियम सल्फाइड वापरतात आणि पुढच्या टप्प्यावर आम्ल. दोन्हींचे पाणी एका गटारात मिळाले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तेही अतिसौम्य आम्लच. सडक्या अंड्याचा त्याचा वास वायू वाढला की नाक बधिर झाल्यामुळे येईनासा होतो, आणि खाली उतरलेला माणूस समजतो की हवा साफ झाली.

आणि हे फक्त कारखान्याचेच आहे असे इथल्या भगिनींनी समजू नये. ब्लीचिंग पावडरमध्ये हायपोक्लोराइट असतो. तो हायपोक्लोरस आम्लाचा जोडीदार, आणि ते आम्ल सुमारे तीन कोटींशाचे, म्हणजे सौम्यच. संडास धुण्याच्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. फरशी जास्त पांढरी व्हावी म्हणून दोन्ही एकदम टाकली की हायपोक्लोराइट प्रोटॉन पकडतो, आणि मग ॲसिडातला क्लोराइडही त्यात उतरून क्लोरिन वायू बाहेर पडतो. बंद मोरीत, खाली वाकून घासणाऱ्या बाईच्या तोंडाशी. दोन्ही बाटल्या एकाच दुकानात, एकाच फळीवर मिळतात.

पुढच्या तारखेला मी सुनावणीला गेलो तो पाठकोरा कागद घेऊन. मी साहेबांना म्हणालो, वकीलसाहेबांचे पुस्तक बरोबर आहे आणि आकडाही बरोबर आहे. हायड्रोसायनिक आम्ल व्हिनेगरपेक्षा एकोणतीस हजार पटींनी सौम्य आहे. म्हणूनच सायनाइडची प्रोटॉनवरची पकड ॲसिटेटपेक्षा एकोणतीस हजार पटींनी घट्ट आहे. हे आम्ल तीव्र असते तर प्रोटॉन पाण्यात सुटा राहिला असता, सायनाइड आयन मोरीत राहिला असता, आणि माझा माणूस घरी गेला असता. आम्ल सौम्य होते म्हणूनच मोरीतल्या पाण्यात ते अखंड बनले आणि अखंड उडाले. मग मी काटाकाटी करून दाखवली. साहेबांनी दोनदा विचारले, म्हणजे दोन्ही पक्ष एकच आकडा सांगत आहेत? मी म्हटले, होय साहेब, आकडा एकच आहे.

त्यांनी तो कागद जवळ ओढून गुणाकार स्वतः केला. शून्ये मोजली. नंतर चष्मा काढून मालकाच्या वकिलांना विचारले, की आपल्या कारखान्यात मोऱ्या किती आहेत? वकिलांनी मागे वळून मालकाकडे पाहिले. एक, असे मालक म्हणाले.